धावड्याच्या सप्रेम भेटीने बिथरलेला लेझर

"सर, आमचं पथक तय्यार हाय. तुमचे गडी कुठंयत?" जीप थांबताच धावड्याच्या हेडमास्तरांनी विचारलं.

"गडी कसले? आम्ही लेझर आणलाय."

"मंग! ट्रंककॉलवर बराबर ऐकलं म्या. लेझीम!"

शाळेच्या हॉलमध्ये निम्मा भोकरदन तालुका लेझीम घेऊन उभा होता. मी जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. विद्यापीठाने मला लेझर उसना दिला होता. खेड्यात प्रयोग नीट झाला तर तो जालन्यात राहणार, नाहीतर परत. निकाल द्यायला विद्यापीठाचे प्रोफेसर सोबतच आले होते.

लेझर म्हणजे दोन आरशांमध्ये प्रकाशाला येरझाऱ्या घालायला लावून काढलेला सरळ किरण. वाटेतल्या तिरप्या काचेने त्यातला थोडा फोटोसेलवर वळवला. फोटोसेल प्रकाशाची वीज करतो, ती लाउडस्पीकरला जोडली. किरण स्थिर असला की स्पीकर गप्प, कमीजास्त झाला की आवाज. उरलेला किरण समोरच्या भिंतीवर सोडला. तिथे नेमका 'सप्रेम भेट' लिहिलेला आरसा टांगलेला!

तेवढ्यात पथकाने ठेका धरला. भिंत हलली, आरसा थरथरला आणि त्याने किरण परत लेझरच्या पोटात ढकलला. असा परतलेला प्रकाश लेझरला पचत नाही. त्याचा किरण कमीजास्त होऊ लागतो. स्पीकर आधी ठेक्यात घुमला. मग पथक स्पीकरच्या ठेक्यावर नाचू लागलं, त्याने आरसा आणखी हलला, स्पीकर आणखी चेकाळला. शेवटी ताल नावाची वस्तूच उरली नाही. स्पीकर रेड्यासारखा ओरडला. धावड्यातल्या बैलांनी दावी तोडली, ते थेट सिल्लोडला सापडले.

"हे स्थिर होत नसेल तर यंत्र परत," प्रोफेसर कानात बोटं घालून ओरडले.

मी धावलो. हेडमास्तरांच्या डब्यातला भाकरीचा तुकडा आरशामागे खुपसला. आरसा तिरपा झाला, किरण छताकडे गेला. स्पीकर गप्प. लेझर देवघरातल्या समईसारखा शांत.

प्रोफेसरांनी मान डोलावली. पण गाव खवळलं.

"ओ सर, चालू गाणं कामून बंद केलं?" सरपंच उठले. "काढा ती भाकर!"

"सरपंचसाहेब, ते गाणं नव्हे, यंत्र बिघडल्याचं लक्षण आहे," प्रोफेसर म्हणाले. "भाकर काढली तर यंत्र उद्याच परत नेतो."

"न्या की. मंग आमी बी येतो विद्यापीठात. समद्या लेझिमा घेऊन."

प्रोफेसरांनी एकदा पथकाकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे. मग स्वतःच्या हातांनी भाकर काढली.

लेझर जालन्यातच राहिला. तेव्हापासून मी लेझरसमोरचा आरसा कायम तिरपा ठेवतो, आणि ट्रंककॉलवर 'लेझर'मधला 'र' तीनदा म्हणतो.