दहावीच्या वर्गातला स्वतःचा मुलगा

बाई चित्रकला शिकवत. पण शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्या दहावीच्या मुलामुलींशी प्रेम, राग, नकार आणि मारहाण यांबद्दल बोलत. मुख्याध्यापकांचं डोकं खाऊन त्यांनी हा तास मिळवला होता. कारण उघड होतं. नवऱ्याचा मार असह्य झाल्यावर त्या लहानग्या लेकाचं बोट धरून घराबाहेर पडल्या होत्या. पोराला त्यातलं काही आठवत नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घालून घेतली होती.

तोच पोरगा आता दहावीत मागच्या बाकावर बसायचा. "सारखा फोन तपासणं म्हणजे काळजी नव्हे," बाई सांगायच्या. वर्ग खिदळायचा, तोही हसायचा.

एका दुपारी बाई रंगाच्या वाट्या धुवायला जिन्याखालच्या नळावर गेल्या. तिथे त्यांचा मुलगा वर्गातल्या एका मुलीचं मनगट पिरगाळत उभा होता. ताडमाड उंच म्हणून तिला सगळे शिडी म्हणायचे.

"कुणाशी बोलत होतीस ते दाखव, मग सोडतो." आवाज हळू, लाडीगोडी लावल्यासारखा. नवरा अगदी असाच बोलायचा.

"सोड तिला."

त्याने सोडलं. "आई, आमचं आम्ही बघून घेऊ."

"माझंच चुकलं, बाई," शिडी मनगट चोळत म्हणाली. "घरी नका ना सांगू."

संध्याकाळी बाईंनी मुलाला समोर बसवलं. "तुझ्या बाबांनी माझे काय हाल केले, तुला ठाऊक नाही..."

"आहे ठाऊक. दाराआडून बघायचो मी. तूही काही कमी बोलायची नाहीस."

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. "पोटच्या पोराचं नाव देताय, बाई. नीट विचार केलात ना?" त्यांनी विचारलं. "केला," बाई म्हणाल्या. शिडीच्या घरी आणि मुलाच्या बापाला निरोप गेले. शिडीची आई आली ती तणतणतच. "आमच्या पोरीची अब्रू चव्हाट्यावर आणलीत तुम्ही," म्हणाली आणि तिने मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं. मुलगा कपडे भरून बापाकडे निघून गेला. न्यायला आलेला बाप फाटकातून आतही आला नाही, नुसता हसला. पालकांच्या तक्रारी आल्या आणि शुक्रवारचा तास गणिताला गेला.

बाई मुलाला रोज फोन लावतात. तो उचलत नाही.

शिडीचा मात्र एकदा फोन आला, आईच्या फोनवरून. "बाई, तो रोज नव्या शाळेच्या दारात येतो. माझा फोन त्याच्याकडेच असतो."

"तू आत्ता माझ्याकडे ये. नाहीतर मी येते. कुठे आहेस?"

"नको. त्याला कळलं तर..." आणि फोन बंद झाला.

बाई पायांत चपला सरकवून शिडीच्या घरी गेल्या. दार तिच्या आईने उघडलं, बाईंना पाहिलं आणि लावून घेतलं.