अख्खी सुपारी

बिंदुमाधव सरनोबत स्वेच्छानिवृत्ती घेऊन नोकरीतून मोकळे झाले आणि जे. पी. नगरच्या त्यांच्या घरातल्या यंत्रांचे हाल सुरू झाले. मिक्सर उत्तम चालत होता, तो त्यांनी उघडला. पंखा हूं की चूं करत नव्हता, तरी 'बेअरिंग बघून घेतो' म्हणत खाली उतरवला. शेजारच्या अण्णांचा पाण्याचा पंप दोनदा सोडवून दोनदा जोडून झाला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी फ्रिजकडे मोर्चा वळवला, तेव्हा कल्पनाताई आडव्या आल्या.

"फ्रिजला हात लावलात तर मी मिरजेला निघून जाईन. काहीतरी काम शोधा, नाहीतर मी शोधते."

आणि शोधलं ते त्यांनीच. १९९४ साल होतं. बंगळूरच्या चारी अंगांना इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती आणि इमारत आधी, मास्तर नंतर असा मामला होता. आनेकलच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात विजेच्या यंत्रांच्या प्रयोगशाळेला इन्स्ट्रक्टर हवा होता. कल्पनाताईंच्या भजनातल्या एका अक्कांकडून ही बातमी आली आणि पुढच्या सोमवारी बिंदुमाधव इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या बसमध्ये बसले. घराच्या खिडकीतून हात हलवताना कल्पनाताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्यांनी लपवला नाही.

बिंदुमाधवांचं शिक्षण म्हणाल तर डिप्लोमा. एकसष्ट साली, एकविसाव्या वर्षी, ते बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात लागले, बसवनगुडीत खोली घेऊन राहिले आणि बत्तीस वर्षं मोटरी तपासत राहिले. पण त्यांना खरं शिकवलं ते फोरमन विश्वासरावांनी. हा कोल्हापूरकडचा धिप्पाड गडी चौथीच्या पुढे शाळेत गेला नव्हता. पाळी सुरू व्हायच्या आधी तो एखाद्या मोटरीत मुद्दाम बिघाड करून ठेवायचा. एखादा स्क्रू ढिला करायचा, नाहीतर एखादी वायर काढून ठेवायचा. बिघाडाच्या जागेशेजारी सुपारीचं एक खांड लपवलेलं असायचं. ज्या पोराला बिघाड सापडेल, त्याची सुपारी. पोरं त्या खांडासाठी जिवाचं रान करायची.

विश्वासरावांच्या सुपारीच्या खोक्यात एक अख्खी सुपारीही असायची. ती कधी मिळणार, असं कुणी विचारलं की विश्वासराव म्हणायचे, "वेळ आली की देईन." सहासष्ट साली बाहेरचे तपासनीस आलेले असताना एक भली मोठी मोटर सुरूच होईना. बिंदुमाधवांनी वीस मिनिटांत दोष काढला. तपासनीस गेल्यावर विश्वासरावांनी काही न बोलता ती अख्खी सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. मोठी मोटर म्हणून मोठी सुपारी, असा बिंदुमाधवांनी त्याचा अर्थ लावला. ती सुपारी त्यांनी खाल्ली नाही. हत्यारांच्या पेटीत रुमालात बांधून ठेवली.

तर असा हा माणूस कॉलेजात आला आणि पहिल्याच दिवशी चक्रावला. प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची सोळा मुलं टेबलाभोवती उभी होती आणि मन लावून आकडे लिहीत होती. मोटर मात्र बंद होती. देवाप्पा नावाचा जुना अटेंडर सगळ्या वायरी स्वतः जोडायचा, आणि तो तर चहाला गेला होता.

"मोटर बंद आहे, तर रीडिंग कुठून आलं?" त्यांनी गडबडीत मराठीतच विचारलं.

धारवाडची देवश्री नावाची मुलगी मराठी ऐकून खुलली. "सर, रीडिंग्ज आम्ही कालच लिहून आणली. आज फक्त मोटर बघायची."

मग उलगडा झाला. प्रयोगाची वही, म्हणजे इथल्या बोलीत 'रेकॉर्ड', ही अठ्ठ्याऐंशी सालच्या एका पहिल्या आलेल्या मुलाच्या वहीवरून उतरवायची पद्धत होती. तिला मुलं 'पोथी' म्हणत. पोथीतली मोटर पाच अश्वशक्तीची होती. ती जळून तिच्या जागी तीन अश्वशक्तीची येऊन तीन वर्षं झाली होती, पण रेकॉर्डमध्ये जुनी मोटर अजून तितक्याच जोमाने फिरत होती! इतकंच काय, मोटरीचा वेग ठरवणाऱ्या ऱ्होस्टॅटवर, म्हणजे तारेच्या लांब गुंडाळीवर, सरकता खटका कुठे आणायचा तिथे कुणीतरी खडूने रेघ मारून ठेवली होती. सगळ्यांनी खटका रेघेवर न्यायचा, आकडे पोथीतले लिहायचे आणि घरी जायचं. बिंदुमाधवांचं डोकं तडकलं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही आकडा न बघता लिहिला नव्हता.

दुसऱ्या सोमवारपासून त्यांनी विश्वासरावांचा धडा सुरू केला. कॉलेजच्या पोरांना सुपारी देणं शोभलं नसतं, म्हणून लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आणला. मुलं यायच्या आधी एका मोटरीत निरुपद्रवी बिघाड करायचा, जवळच कागदात गुंडाळलेली गोळी लपवायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं.

"आज मोटर रुसली आहे. का रुसली ते शोधा. आधी मेन स्विच बंद, मगच हात. देवाप्पा, तुम्ही आज खुर्चीवर बसायचं."

देवाप्पाला नोकरीत पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. मुलांची मात्र भंबेरी उडाली. पहिल्या दिवशी दोन तासांत कुणाला काही सापडलं नाही. चौथ्या आठवड्यात परसूला पहिली गोळी मिळाली. हा आनेकलहून सायकलने येणारा मुलगा वर्गात तोंड उघडत नसे, पण शेतावरचा पंप लहानपणापासून त्याच्या हाताखालून गेलेला होता. त्याने फ्यूजच्या मागून गोळी काढून सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि त्या दिवसापासून प्रयोगशाळा मुलांची झाली. देवश्री तर सोमवारी डबा अर्धा टाकून धावत यायची.

एकच अडचण होती. अभ्यासक्रमात प्रयोग बारा होते आणि ऑक्टोबर संपला तरी या मुलांचे झाले होते सात. विभागप्रमुख डॉक्टर गुरुप्रसाद सज्जन माणूस. समीकरणं मांडायला लागले की फळा कमी पडायचा. पण निकालाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी बिंदुमाधवांना बोलावून घेतलं.

"सरनोबत सर, पालक येऊन विचारतात, आमच्या मुलांना गोळ्या कसल्या देता?"

"लिमलेटच्या, सर."

गुरुप्रसादांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे बघा, डिसेंबरात विद्यापीठाची प्रॅक्टिकल आहे. बाहेरचे परीक्षक येतील. तुमची मुलं नीट पार पडली तर सरी, ठीक आहे, पुढंही तुमच्या पद्धतीनं चालू द्या. अडखळली तर पुन्हा पोथी. आणि मग तुम्हाला इथे ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

बिंदुमाधवांना रात्रभर नव्हे, पण निदान जेवण होईपर्यंत घोर लागला. घरी परत बसण्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती होती ती त्या सोळा मुलांची. आपल्या हौसेपायी पोरांचे गुण गेले तर? त्यांनी नोव्हेंबरात मुलांना शनिवारीही बोलावलं आणि राहिलेले पाच प्रयोग धडाधड संपवले. बिघाड मात्र सोडले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून प्राध्यापक त्रिविक्रम राव आले. त्यांच्याकडे बघून ते शेवटचे कधी हसले असतील याचा अंदाज येत नव्हता. नियम असा, की परीक्षेत इन्स्ट्रक्टरने फक्त वीजपुरवठा बघायचा, तोंड उघडायचं नाही. सकाळी, बिंदुमाधवांकडे नसलेल्या दुसऱ्या तुकडीची मुलं येऊन, पोथीबरहुकूम खटका रेघेवर नेऊन, पार पडली. दुपारी बिंदुमाधवांची मुलं आली. चिठ्ठ्या काढल्या. देवश्री, परसू आणि त्यांच्या एका जोडीदाराला तीच तीन अश्वशक्तीची मोटर आली.

मोटर सुरू झाली. देवश्रीने वेग जुळवायला ऱ्होस्टॅटचा खटका सरकवला आणि खट्‌कन आवाज होऊन स्टार्टरचं हँडल मागे पडलं. मोटर थांबली. पुन्हा सुरू केली, खटका सरकवला, पुन्हा खट्‌कन!

बिंदुमाधव चमकले. कारण हा बिघाड त्यांनी केलेला नव्हता. सकाळी तर मोटर चालत होती. काय झालं असेल, ते त्यांनाही कळेना. खुर्चीवरून देवाप्पा अर्धा उठला. बिंदुमाधवांनी त्याला हातानेच बसवलं आणि स्वतः मेन स्विचजवळ जाऊन उभे राहिले.

"मशीन नादुरुस्त दिसतंय," राव सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "प्रश्न बदलून देतो. पाच गुण कमी होतील."

दारात येऊन उभ्या राहिलेल्या गुरुप्रसादांनी घाम पुसायला रुमाल बाहेर काढला.

देवश्रीने वळून बिंदुमाधवांकडे पाहिलं आणि चक्क डोळे मिचकावले. परीक्षेतसुद्धा का सर, असा तो भाव होता. मग ती राव सरांना म्हणाली, "बदलू नका, सर. आम्हाला दहा मिनिटं द्या."

अरे देवा, या पोरांना वाटतंय हे माझंच काम! बिंदुमाधवांना ओरडून सांगावंसं वाटलं, बाळांनो, प्रश्न बदलून घ्या, हा बिघाड खरा आहे. पण तोंड उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात परसूचा आवाज आला, "मेन ऑफ, सर." त्यांनी स्विच खाली ओढला आणि त्यांचा जीव थोडासा जागेवर आला. निदान पहिला धडा तरी पोरं विसरली नव्हती.

तिघं कामाला लागली, तीसुद्धा हसत-खेळत. फ्यूज बघितले, ते ठीक. ब्रश ठीक. परसू मात्र ऱ्होस्टॅटशीच रेंगाळला. खटका अलीकडे असला की मोटर चालते आणि रेघेपाशी आला की मरते, हे त्याच्या मनात बसलं होतं. त्याने टेस्ट लॅम्प जोडून खटका हळूहळू सरकवला. दिवा लागला, लागला आणि खडूच्या रेघेवर येताच विझला. त्याने वाकून बघितलं.

"तार तुटली आहे, सर," तो कन्नडमध्ये राव सरांना म्हणाला. "रेघेवरच. सहा वर्षं सगळ्यांनी खटका तिथंच नेऊन नेऊन घासली आहे."

दारात गुरुप्रसादांचा रुमाल कपाळावर थबकला. पोथीने तार कापली होती.

"छान. पण आता प्रयोग कसा करणार?" राव सर पुढे सरसावले होते. "दुसरा ऱ्होस्टॅट मागवायचा?"

बिंदुमाधवांच्याही मनात तेच होतं. पण परसूने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नको, सर. तार या टोकाकडून तुटली आहे, त्या टोकाकडून शाबूत आहे. वायर पलीकडच्या टोकाला जोडली की झालं. खटका स्वल्प उलटा सरकवायचा, इतकंच."

बिंदुमाधवांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात चित्र काढून बघितलं. पोरगं बरोबर होतं! वायर बदलली, मेन चढवलं, मोटर फिरली आणि हँडल जागेवर राहिलं. वेग जुळला. आकडे त्या मोटरीचे स्वतःचे होते, त्या दिवशीचे, त्या खोलीतले. राव सरांनी स्वतः मीटरवर डोळा लावून दोन आकडे ताडून पाहिले आणि गुरुप्रसादांना म्हणाले, "बिघाड मुद्दाम ठेवलात वाटतं? फार चांगली परीक्षा घेता तुम्ही लोक."

गुरुप्रसादांनी मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून कुणाला कळलं नसतं.

राव सर चहाला गेले. तिघं मुलं मात्र टेबलाखाली शिरली होती. ऱ्होस्टॅटच्या मागे बघत होती, त्याच्या पायांखाली बोटं फिरवत होती. शेवटी देवश्री धुळीने माखून बाहेर आली.

"सर, गोळी कुठे ठेवलीत? सापडतच नाही."

"ठेवली नव्हती," बिंदुमाधव म्हणाले.

"म्हणजे? विसरलात?"

"विसरलो नाही. हा बिघाड माझा नव्हता. मलाही ठाऊक नव्हतं काय झालंय ते. आणि वायर उलटी जोडायचं तर मला सुचलंही नसतं."

परसू "अय्यो" म्हणत स्टुलावर बसला. देवश्रीचं तोंड उघडंच राहिलं. आपण कुणीही न लपवलेली गोष्ट शोधून काढली, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की देवाप्पाही खुर्चीत हसायला लागला.

बिंदुमाधवांनी खिशातून लिमलेटचा पुडा काढला. नवाकोरा, पुढच्या सत्रासाठी आणलेला. त्यातली एक गोळी काढावी म्हणून बोटं आत गेली आणि तिथेच थांबली. त्यांना सहासष्ट सालची ती मोटर आठवली, तपासनीस आठवले आणि विश्वासरावांनी हातावर ठेवलेली सुपारी आठवली. तो बिघाड विश्वासरावांनी ठेवलेला नव्हता, त्यांनाही तो सापडला नव्हता, आणि अठ्ठावीस वर्षं आपण समजत होतो, मोठी मोटर म्हणून मोठी सुपारी!

त्यांनी गोळी काढली नाही. अख्खा पुडाच परसूच्या हातावर ठेवला.

"एवढ्या सगळ्या, सर?" परसू म्हणाला. "का?"

सांगावं असं बिंदुमाधवांच्या ओठांवर आलं होतं. पण विश्वासरावांनीही सांगितलं नव्हतं.

"वाटून खा," ते म्हणाले, आणि नवीन ऱ्होस्टॅट आणायला स्टोअरकडे निघाले. गुरुप्रसाद दारातच उभे होते. त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "सर, खडूची रेघ आता कुणी मारायची नाही. सरी?"

"सरी," गुरुप्रसाद म्हणाले आणि स्टोअरच्या किल्ल्या घेऊन तेही बरोबर चालू लागले.