गाळाच्या गोणीतलं कासव

मी मोगरी उगारली आणि ढेकळानं पाय बाहेर काढला.

सिडकोतल्या आमच्या घरापुढं चिमूटभर जागा आहे. तिला मी बाग म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही. माती सगळी मुरमाड, काही धरत नाही, म्हणून यंदा दिराकडं गाळ मागितला होता. तो गावी, लासूर स्टेशनच्या अलीकडं, आमची शेती बघतो. उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव आटला की जेसीबी लावून त्यातला गाळ उपसतात आणि शेतकरी तो आपापल्या रानात पसरतात. कांदा घेऊन शहरात येणाऱ्या टेम्पोत दिरानं माझ्यासाठी काही गोण्या टाकून दिल्या. ढेकळं वरून वाळून टणक झालेली. कपडे धुवायची जुनी मोगरी घेऊन मी एकेक फोडत बसले होते, आणि फोडताना मनातल्या मनात एकेका नातेवाइकाचं नाव घेत होते. सकाळ फार छान चालली होती.

पाय बघितल्यावर मोगरी हवेतच थांबली. त्यानं पाय काढायला अजून क्षणभर उशीर केला असता तर ती थेट त्याच्यावर बसली असती. मोगरी बाजूला ठेवली आणि मग्यानं हळूहळू पाणी ओतत गेले. माती सुटली, खालून ताटलीएवढी मळकट हिरवी पाठ दिसायला लागली.

"अगं, हे कासव आहे," मागून नवरा म्हणाला.

"मला वाटलं म्हैस आहे."

नवरा बँकेत आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक नियम असतो अशी त्याची श्रद्धा. त्यानं विचारलं, "ह्याला पाण्यात ठेवायचं असतं की कोरड्यात?"  जमिनीवरचं कासव असेल तर पाण्यात बुडून मरेल, पाण्यातलं असेल तर फरशीवर सुकून मरेल. एवढं दोघांनाही माहीत होतं. आमच्यासमोर बसलंय ते कुठलं, ते मात्र माहीत नव्हतं. मोबाइलवर फोटो काढून शोधलं, तर सगळी कासवं सारखीच दिसायला लागली.

शेवटी मी कासवालाच विचारायचं ठरवलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि तो दिवस अजून लांब होता, तरी ड्रममधल्या पाण्यानं कपड्यांचा टब भरला. नवरा ड्रमची पातळी बघत राहिला. कासव टबात सोडलं तर ते झकास पोहलं, पण लगेच कडेला पाय खरवडत बाहेर यायची धडपड करायला लागलं. फरशीवर ठेवलं तर तिथंही थांबेना. तुरुतुरु चालत गेलं आणि गोणीखालच्या ओल्या चिखलात तोंड खुपसून गप्प बसलं. म्हणजे पाणी नको, कोरडं नको. मला आता त्याची काळजी कमी आणि कुतूहल जास्त वाटायला लागलं होतं.

एवढ्यात समोरच्या घरातले भाऊजी आले. त्यांच्या हॉलमध्ये पितळेचं कासव आहे, ताटलीतल्या पाण्यात, उत्तरेकडं तोंड करून. ते वाकून बघत हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, नखं मोजली का? वीस असली तर..."

वीस नखांचं कासव घरात पैशाचा पाऊस पाडतं, ही अफवा मीही ऐकली होती. त्यापायी ही बिचारी पकडून विकतात, तेही ऐकलं होतं. माझं डोकं फिरलं. "भाऊजी, तुमचं कासव इतकी वर्षं पाण्यात बसलंय, त्यानं काय दिलं?"

"ते पितळेचं आहे म्हणून," भाऊजी अगदी मनापासून म्हणाले.

ते गेल्याबरोबर मी कासवावर टोपलं पालथं घातलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर होणार, आणि सगळेच भाऊजींसारखे सज्जन नसतात. आता त्याला सुखरूप त्याच्या जागी पोचवायचं, ते माझ्याच डोक्यावर आलं होतं.

नवऱ्याकडं एका सर्पमित्राचा नंबर होता. हा गृहस्थ एरवी विम्याच्या पॉलिसी विकतो आणि मध्येच उठून लोकांच्या न्हाणीघरातले साप धरायला जातो. मी फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नखं किती आहेत?"

मी फोन कापला.

नवऱ्यानं तो परत लावला, स्पीकरवर. तो माणूस हसत होता. "सगळे असंच समजतात. अहो, पायाला तीनच नखं असली तर ते पाण्यातलं, गाळात राहणारं. जमिनीवरच्याला जास्त असतात. मोजून तर बघा."

मग मी मोजली. ते सोपं नव्हतं. पुढचा पाय धरला की मान आत, आणि मागचा धरायला गेले तर पोटाखालून चामड्याची दोन झाकणं पुढं आली आणि पाय आत घेऊन दार लावल्यासारखी बंद झाली. इतकं सुबक काम मी कधी पाहिलं नव्हतं. दारं उघडायची वाट बघत आम्ही दोघं अंगणात उकिडवे बसलो. प्रत्येक पायाला तीन. चारही पायांना तीन.

तासाभरात सर्पमित्र आला. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, जखम नव्हती. तलाव आटत आला की ही कासवं गाळात रुतून झोपतात आणि पाणी यायची वाट बघतात, असं त्यानं सांगितलं. "त्याला तहान लागली नव्हती, झोप लागली होती," तो म्हणाला. नवऱ्यानं टबाकडं दुःखानं पाहिलं. घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि भलत्याच पाण्यात सोडलं तर आपली जागा शोधायला निघतं आणि रस्त्यात गाडीखाली येतं, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्यानं वनरक्षकाला फोन करून विचारून घेतलं. त्याच तलावात, आजच सोडायचं ठरलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही तिघं गाडीनं निघालो.

तलावात पाण्याचा थेंब नव्हता. फक्त बांधाखालच्या कोपऱ्यात गाळ अजून ओला, काळाभोर होता. बाकी तळ जेसीबीनं उकरून ठेवला होता आणि दीर ट्रॅक्टर घेऊन उभा होता. आज गाळ न्यायची त्याची पाळी होती.

"कासवापायी इतक्या लांब आलात व्हय, वहिनी?" तो हसला, पण टोपी काढून वाकून बघायला लागला.

सर्पमित्रानं कासव ओल्या गाळावर ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. मग सोंडेसारखं नाक बाहेर आलं, पुढचे पाय दोन्ही बाजूंनी चिखल लोटायला लागले, आणि बघता बघता ते खाली गेलं. वरून चिखल मिटला. जवळच एक तुटकी चप्पल रुतलेली होती, तिच्या हातभर पलीकडं ते शिरलं होतं. मी नजर हलवली नव्हती. त्या वेळी मला जितकं बरं वाटलं तितकं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

"नेमकं कुठं बसलं ते दाखवा," दीर म्हणाला. "तेवढं सोडून बाकीचा कोपरा उचलतो. लई भारी गाळ हाय इथला."

खरंच होतं. त्याचं रान माझ्या अंगणापेक्षा मुरमाड, आणि ह्या कोपऱ्यासाठी तो किती दिवस थांबला होता ते मला माहीत होतं. मागितल्यापेक्षा जास्त गोण्या पाठवणारा माणूस. पण एक कासव चुकून गोणीत आलं, तर न आलेली ह्या गाळात किती असतील? मी हात लांब केला आणि बांधापासून पार त्या टोकाच्या बाभळीपर्यंत फिरवला.

"ह्यातच कुठंतरी," मी म्हटलं. "आता सांगता यायचं नाही."

दिरानं सर्पमित्राकडं पाहिलं. तो गोणपाट घडी करण्यात गुंतला होता. मग दिरानं आपल्या भावाकडं पाहिलं. नवरा माझ्या शेजारीच उभा होता आणि त्याची नजर अजून त्या चपलेवर होती.

"मलाही नाही दिसलं," नवरा म्हणाला.

दिरानं त्या काळ्या गाळावरून एकदा नजर फिरवली. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि जेसीबीवाल्याला हाक मारली, "हितलं नको रं. वरच्या अंगाला घे."