पलीकडची मूठ

मी मलकापूरच्या एका जिनिंग फॅक्टरीत बॉयलरवर काम करतो. आमच्या धंद्यात दाबाचा काटा दाखवतो ते खरं, बाकी सगळी बडबड. बॉयलरमधून बाई रडल्याचा आवाज येतो म्हणणाऱ्या एका फायरमनला मी हाताला धरून नेलं होतं, ढिला झालेला व्हॉल्व्ह दाखवला होता आणि वर चार शिव्याही घातल्या होत्या. त्यामुळे खालची हकिकत वाचून कोणी ‘हाही त्यातलाच निघाला’ म्हणालं, तर मी भांडायला येणार नाही. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मीही तेच म्हटलं असतं... पण ही माझ्यावरच गुदरली आहे.

आमचं घर सोनाळ्याचं. आईवडील केव्हाच गेलेले. घरी थोरला भाऊ नारायण आणि वहिनी. भावाला मी दादा म्हणायचो, पण बोलणं अरे-तुरेचंच. शेती तो पाहायचा, मी नोकरीपायी मलकापूरला. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी फॅक्टरीतले निम्मे लोक अंथरुणाला खिळले, काम बंद पडलं आणि मी गावी आलो. माझी बायको तिथेच होती. तिच्या माहेरी ताप आधी शिरला, म्हणून बाळंतपण सोनाळ्यालाच झालं. मुलगी झाली होती.

आता त्या आऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे पुरुषभर लांबीचा, दोन मुठींचा आरा, म्हणजे मोठी करवत, होता. ओंडक्याच्या अलीकडे एकाने बसायचं, पलीकडे दुसऱ्याने. दोघांनीही पाय ओंडक्याला टेकवायचा आणि आपापल्या वेळेला आपल्याकडे ओढायचं. फक्त ओढायचं. पलीकडचा ओढतो तेव्हा आपण हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं आणि चिरेत अडकून बसतं. म्हणजे हे एकट्याचं हत्यार नव्हेच.

आऱ्याची सगळी निगा दादाकडे. काम झालं की घासलेटच्या बोळ्याने चीक पुसायचा, जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा आणि खुंटीला टांगायचा. दर पंधरवड्याला कानस घेऊन बसायचा. एकेक दात घासायचा, मग एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे असे वाकवत जायचा, म्हणजे चीर रुंद पडते आणि पातं मोकळं फिरतं. मला कानशीला हात लावू द्यायचा नाही. “तुह्या हाताले घाई हाय बे,” म्हणायचा.

त्याच्यातही एक खोड होती. ओढताना त्याचा हात खाली झुकायचा, त्यामुळे आमचा प्रत्येक ठोकळा त्याच्या अंगाला तिरका उतरायचा. मी कटकट केली की म्हणायचा, “सरळ कायले पाह्यजे? चुलीले काय डोळे हायेत?”

साथीत गावाची काय दशा झाली ते मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. सरणाला लाकूड मिळेना. लाकूड होतं, पण कुऱ्हाड चालवणारे हात तापाने पडलेले. मग लोक आमच्या दारात येऊ लागले. “नारायणभाऊ, चला.” दादा कोणालाच नाही म्हणाला नाही. सहा-सात दिवस आम्ही दोघं आरा खांद्यावर घेऊन या दारातून त्या दारात फिरलो. ज्याच्या बापासाठी सकाळी लाकूड कापलं, त्याच्यासाठीच दुसऱ्या दिवशी कापायला गेलो. मला सरळ सांगायला लाज नाही — मी विटलो होतो. दारात हाक आली की मी दादाच्या मागे राहायचो.

आणि मग दादालाच ताप भरला.

तिसऱ्या दिवशी त्याने माझं मनगट धरलं. आमचे वडील गेले तेव्हा आम्ही दोघंही शेतात होतो, तोंडात पाणी घालायला जवळ कोणी नव्हतं. ते दादाच्या मनातून कधी गेलं नाही.

“बापू, काही झालं तं पाशी राह्यजो बे.”

“तुले काय धाड भरली?” मी म्हणालो. “दोन दिवसांत उठतेस आन आरा घासाले बसतेस.”

“तरी बी. पाशी राह्यजो.”

“हाव रे बाबा, राहीन.”

पाचव्या दिवशी सकाळी घरातलं सरपण संपलं. बाळंतिणीला शेक नाही, पोरीच्या अंगोळीला पाणी नाही, दादाला पेज नाही. वहिनीच्याही अंगात कणकण होती, तरी ती दादाच्या उशाशी बसलेली. मागच्या अंगणात निंबाचा मोठा ओंडका पडून होता, वावटळीत उन्मळलेल्या झाडाचा. कुऱ्हाडीने मी थोडा झोडपला आणि दम लागून बसलो. शेवटी खुंटीवरचा आरा काढला. एकट्याने चालत नाही हे ठाऊक असूनसुद्धा. दुसरं करणार काय?

तो ओंडका बसलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत येईल एवढा जाड. त्यातून पलीकडे जमीन उतरती. पलीकडे दादा बसला की मला तो कधी दिसतच नसे, नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा. काम करताना तो बोलायचाही नाही.

दुपार झाली. मी ओढत होतो, ढकलत होतो, पातं वाकत होतं, अडकत होतं. पाचर ठोकून सोडवत होतो. कसेबसे दोन ठोकळे पडले. हाताला फोड आले. डोकं तापलेलं. तेवढ्यात वहिनी मागच्या दारात आली.

“भाऊजी, ते बोलावून राह्यले तुम्हाले.”

सकाळपासून पुढच्या दारात दोनदा लोक येऊन गेले होते. वाटलं, हे तिसरे.

“म्हणा त्यांले, आज मले सवड नाही.”

“लई वेळचे बोलावून राह्यले.”

“मंग बोलावू द्या!” मी ओरडलोच. “कोणाकोणाचं करू मी? सवड नाही म्हणून सांगा.”

ती आत गेली.

मी पुन्हा बसलो. तिसऱ्या चिरेला आरा लावला, एकदा ओढला... आणि ढकलायला हात पुढे करतो तोच तो आपणहून पलीकडे गेला.

सर्रकन गेला. मी ओढला, पुन्हा गेला. आऱ्याला आपली लय सापडली. दोन माणसांच्या आऱ्याचा आवाज वेगळा असतो, त्यात खंड नसतो. तो आवाज लागला.

मला काय वाटलं? भीती नाही वाटली. आनंद झाला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. ताप उतरला आणि स्वारी उठून आली! पुढच्या दारातल्या लोकांवरून मी केलेला आरडाओरडा त्याने ऐकला असणार, असंही मनात आलं.

“उठलास का?” मी म्हणालो. “पाच दिवस फुकट पेज पेलास तं आता फेड.”

उत्तर नाही. ते नेहमीचंच.

तुम्ही विचाराल, उठून पाहिलं का नाही? आरा लयीत असताना मध्येच कोणी उठत नाही, पातं पिळवटतं. आणि पाहायचं कशाला? आपला माणूस पलीकडे असला की त्याला डोकावून पाहतो का आपण? मी आपला त्याला चिडवत होतो. “नीट ओढ, जेवला नाहीस का?” “अबे, हात खाली झुकून राह्यला तुहा!” त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसत होतो. ठोकळ्यामागून ठोकळा पडत होता, बसल्याबसल्याच सरकून मी पुढची चीर लावत होतो.

बऱ्याच वेळाने वहिनी पुन्हा दारात आली.

“भाऊजी, ते आता हाक मारत नाहीत. गप झाले.”

“बरं झालं,” मी मान न वळवता म्हणालो. “सुटलो एकदाचा.”

“हाव,” ती म्हणाली, आणि गेली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटचा ठोकळा पडला आणि आरा माझ्या हातात एकदम जड झाला. मी मूठ सोडली, पाण्याचा तांब्या उचलला आणि दादाला द्यायला ओंडक्याला वळसा घालून पलीकडे गेलो.

कोणी नव्हतं. भुशाचा सारखा पसरलेला थर होता. त्यात पाऊल नाही, बसल्याची खूण नाही. पलीकडची मूठ मी हातात धरली. ती गरम होती.

तरीही मला काही कळलं नाही. वाटलं, दमला, आत जाऊन पडला. मी आत गेलो. दादा भिंतीकडे तोंड करून निजलेला, वहिनी उशाशी बसून पदराने वारा घालत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. झोप लागली आहे, उठवू नका, म्हणून.

“एवढ्यात झोपला बी?” म्हणत मी त्याच्या अंगावरची घोंगडी ओढली.

पाय थंडगार पडले होते. हातही. नुकताच गेलेला माणूस नव्हता तो. वहिनी किती वेळ वारा घालत होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरणासाठी तेच लाकूड निघालं, दुसरं नव्हतंच. गाडीत भरायला शेजारचे रसूलभाई आले. ते सुतार, आरा आमच्या वडिलांनी त्यांच्याकडूनच घेतलेला. पहिले दोन ठोकळे त्यांनी मुकाट टाकले. तिसरा उचलला, फिरवून पाहिला, चौथा पाहिला.

“हे तं नारायणचं काम हाय,” ते म्हणाले. “कधी कापलं? त्याले तं ताप होता ना?”

“काल दुपारी.”

“मी ऐकून राह्यलो होतो काल, दोघांचा आरा. म्हटलं, बरं वाटलं वाटते त्याले.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ठोकळा गाडीत ठेवला. पहिले दोन सोडले तर एकूण एक ठोकळा पलीकडच्या अंगाला तिरका होता.

तेराव्यानंतर मी मलकापूरला निघणार होतो. आदल्या दिवशी वहिनीला सहज विचारलं, “त्या दिवशी दुपारी पुढच्या दारात कोण आलं होतं? एवढ्या हाका मारून राह्यले होते ते?”

“कोणी नव्हतं आलं.”

“तुम्हीच तं म्हटलं, ते बोलावून राह्यले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वीस वर्षांत मी तिच्या तोंडून ‘नारायण’ ऐकलं नव्हतं.

“ते म्हंजे... ते,” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो. विचारलं, “मंग तुम्ही त्याले काय सांगतलं?”

“तुम्ही म्हणे तेच. आज सवड नाही म्हणतात.”

“काय म्हणाला?”

“हसले जरासे. म्हणे, त्याच्या एकट्याच्यानं तो आरा चालत नाही, मीच जातो. उठू लागले. मी दाबून निजवलं.” तिने डोळ्यांना पदर लावला. “मंग तुमच्याकडून दोघांचा आवाज येऊ लागला. मले वाटलं, गावातलं कोणी हात द्यायला आलं. ते बी ऐकत पडले होते. मंग गप झाले. मी तुम्हाले सांगाले आली तं तुम्ही बरं झालं म्हणे. मले बी वाटलं, झोप लागली, बरं झालं.”

तिला मी काय बोलणार होतो? तिचं काही चुकलं नव्हतं. माझं काय चुकलं, तेही मी अजून ठरवू शकलेलो नाही.

बुलढाण्याच्या एका डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाले, त्या दिवशी तुम्हालाही ताप असणार. त्या भरात एकट्यानेच लाकूड कापलंत, बाकी मनाचे खेळ. असेलही. पण तापाच्या भरात आवाज ऐकू आला तर तो मला, रसूलभाईंना कसा? एकट्याच्या हाताने, तेही माझ्या, एवढे ठोकळे एका बाजूला तिरके कसे उतरतात? डॉक्टर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. मलाही येत नाही. मी काटा पाहणारा माणूस, आणि इथे काटाच नाही.

साथीत जन्मलेली माझी मुलगी आता शाळेत जाते. सोनाळ्याला मी वर्षातून दोनदा जातो, वहिनीशी बोलतो, त्या दिवसाबद्दल नाही.

भूत खरं की खोटं, याच्याशी मला काही घेणं नाही. ते तुम्ही आपसात ठरवा. मला एवढंच कोणीतरी सांगा... मी त्याला पाशी राहीन म्हटलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून हाका मारत होता तेव्हा मी मागच्या अंगणात बसून त्याच्याशी हसत-बोलत होतो. मी त्याच्यापाशी होतो, की नव्हतो?