शेंड्यावरची पानं

खालून कोणी "जपून!" म्हटलं की गौराक्का झाडावरूनच ओरडायच्या, "जपायचं असंल तर दुपारच्या एसटीनं कोल्हापूर गाठ की! मला कशाला शिकवतोस?" वय छप्पन्न. अंगात नवऱ्याचा जुना फुलशर्ट, खाली सलवार, कमरेला दोर आणि कोपरापर्यंत चोपडलेलं खोबरेल. फणसाचा चीक एकदा हाताला बसला की साबणाला दाद देत नाही, म्हणून ते तेल. मी महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागात नवा लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे. तिथं का कोणी बसत नाही, ते मला पहिल्याच दिवशी नाकानं कळलं.

डॉ. गौरी कडगावे हे त्यांचं कागदावरचं नाव. माहेर चंदगडकडचं, घरात निम्मं कन्नड. त्यामुळं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. तीस वर्षं त्यांनी फणसाच्या प्रजातीवर काम केलं. आपल्याला कापा आणि बरका एवढंच ठाऊक. अक्कांना त्या गोतातले सगळे सोयरे माहीत होते: जंगलात उंच वाढणारा रानफणस, परसातला नीरफणस आणि मुठीएवढ्या आंबट फळांचं ओटंब. बाजारात कोणी विचारत नाही त्या ओटंबावर त्यांचा विशेष जीव. "कुणी विचारत न्हाय म्हणूनच आपण विचारायचं," म्हणायच्या.

चंदगडच्या एका ओढ्याकाठी त्यांना ओटंबाची सात-आठ झाडं सापडली. पानं गुळगुळीत, निमुळती. फळांची बोंडंही लांबट. पुस्तकातल्या ओटंबाशी ती जुळेनात. एका परिषदेत त्यांनी तसं मांडलं आणि शेवटी म्हणाल्या, "ही कदाचित वेगळी जात असावी." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. त्यातला "कदाचित" मात्र वाटेत कुठंतरी गळून पडला होता.

मग काय विचारता! महाविद्यालयाच्या फाटकावर फलक लागला. संस्थेच्या अध्यक्षांनी अक्कांना बोलावून पेढा दिला आणि या झाडाला आपल्या वडिलांचं नाव द्यावं, असं सुचवलं. महाविद्यालयाची तपासणी करणारी समिती पावसाळ्याआधी येणार होती. अहवालाच्या पहिल्याच पानावर या शोधाचा फोटो जाणार होता. अक्का पेढा हातात धरून म्हणाल्या, "साहेब, अजून बारसं ठरल्यालं न्हाय. आधी पोर कुणाचं ते बघू." अध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला.

खात्री करायला फुलोरा पाहणं गरजेचं होतं. तो येतो हंगामात, तोही झाडाच्या शेंड्यावर. गावातल्या चढणाऱ्या गड्यांनी त्या उंच झाडाला हात जोडले. अक्का स्वतः चढल्या. दोर धरून मी खाली. "जपून" हा शब्द मी दातांखाली दाबून ठेवला होता. बऱ्याच वेळानं वर पानांची सळसळ थांबली. मी हाक मारली. पुन्हा मारली, तेव्हा शांत आवाज आला, "संभा, गप बस जरा."

खाली उतरल्या तेव्हा पिशवीत दोन डहाळ्या होत्या. एक खालच्या, सावलीतल्या फांदीची. दुसरी शेंड्यावरची, उन्हातली: जाड, केसाळ पानं, फुलोरा, गोल बोंडं. ओळखायला मलाही पुस्तक लागलं नाही. नेहमीचं ओटंब! एकाच झाडाला वर एक रूप, खाली दुसरं. आजवर या झाडांचं सगळ्यांनी, अक्कांनीसुद्धा, हाताला येईल तेवढंच तोडून आणलं होतं.

अक्का ओढ्यातल्या एका दगडावर बसल्या. डोळे भरलेले होते. मी म्हणालो, "अक्का, बाकीची झाडं वेगळी असतील."

"असतील की. ती पण चढू."

पुढच्या पंधरवड्यात उरलेली सगळी झाडं आम्ही पाहिली. सगळीकडं तोच प्रकार.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते दार लावून घेत म्हणाले, "समिती येऊन जाऊ दे अक्का. नंतर काय ते छापा. आत्ता गप्प बसायला तुमचं काय जातंय?"

"माझं काय जाणार? झाडाला खोटं नाव लागतंय, ते मी लावू देणार न्हाय."

समितीच्या दिवशी सभागृहात पडद्यावर तो फोटो आला. अध्यक्ष पहिल्या रांगेत. निवेदक "नव्या जातीचा शोध" म्हणाला आणि अक्का उठल्या. माईक मागितला नाही, त्यांना तो कधीच लागला नव्हता. "हे नवीन न्हाय. मला वाटलं होतं, मी चुकले. पुरावा आणलाय, बघून घ्या," म्हणत त्यांनी दोन्ही डहाळ्या टेबलावर ठेवल्या. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. "संभाजीराव, तुम्ही होता ना बरोबर? खरं आहे का हे?" माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी बुटांकडं बघत राहिलो.

अक्कांनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. आठवड्याभरात त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला दिली गेली, कपाटं जिन्याखाली आली. अक्का तिथंच टेबल मांडून बसल्या. वरून पोरं धडधडत जायची, धूळ कागदांवर पडायची. "बरं झालं, इथं सूचना घेऊन कोण येत न्हाय," म्हणायच्या. तिथंच त्यांनी आपल्या चुकीवर शोधनिबंध लिहिला आणि छापला: या प्रजातीत खालच्या फांद्यांवरून जात ठरवू नका. गोव्याहून, कर्नाटकातून पत्रं येऊ लागली. कोणीतरी आपली अशीच एक "नवी" जात मागं घेतली होती. ते पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ, आता दोघं झालो!"

निवृत्तीला निरोप समारंभ झाला नाही. त्या चंदगडला राहायला गेल्या आणि अडीच वर्षांनी एका सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेल्या.

संस्थेनं शोकसभा ठेवली. सभागृह तेच, पहिली रांगही तीच. आवारात त्यांच्या नावानं ओढ्याकाठच्या त्या झाडांचं एक रोप लावायचं ठरलं होतं आणि अध्यक्षांनी पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला, "नव्या फणसजातीच्या शोधकर्त्या…"

मी उभा राहिलो.

"न्हाय साहेब," मी म्हणालो. माझ्या तोंडून गावाकडची बोली कशी आली, कुणास ठाऊक. "ती जात नवी नव्हती. अक्कांनी हितंच उभं राहून सांगितलं होतं. मी त्या झाडाखाली होतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग काय लिहायचं?"

"त्यांचं नाव लिहा," मी म्हणालो. "आणि झाडाचं खरं नाव लिहा. ओटंब."