माळावर रोवलेल्या बायका

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या तमाम लहानथोरांना, गुराढोरांना आणि सिद्धगडावरच्या माकडांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की प्रस्तुत लेखिका एके काळी खुंटी होती. लाकडाची नव्हे. हाडामांसाची. जमिनीची हद्द दाखवायला जी रोवतात, ती.

हसून घ्या. मीही सांगताना हसते. लग्नाकार्यात लोक मला मुद्दाम ही गोष्ट सांगायला लावतात, आणि मी हात अंगाशी चिकटवून, मान ताठ करून, खुंटी कशी उभी राहते ते साभिनय करून दाखवते. पण आताशा करून दाखवलं की पाय भरून येतात. रात्री झोप लागत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, मोटारीसुद्धा कोळशावर चालायच्या. आमच्या ठाकरवाडीतले बाप्ये डोंगरापलीकडे मालकाच्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेले. वाडीत उरल्या होत्या बायका, पोरं आणि ज्यांना उठता येत नव्हतं ते म्हातारे. मालक म्हणजे गावातला जमीनदार. भातखाचरं त्याची, भट्ट्या त्याच्या, ओढ्यापर्यंतची वाट त्याची. आमचा माळही त्याचाच, असं तो म्हणायचा. आम्ही काहीच म्हणत नव्हतो. आम्ही फक्त तिथल्या झाडांवरून पिढ्यान्‌पिढ्या राब तोडत होतो.

राब म्हणजे काय ते सांगते. भाताचं रोप करायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं. त्या राखेत बी टाकायचं. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर भात नाही. आणि भात नाही तर वाडी उठवून भट्टीवर, कायमची. इतकं सगळं त्या एका माळावर टांगलेलं.

एके सकाळी मालकाचा कारकून वाडीत आला. म्हणाला, "सगळ्या बायकांनी माळावर चला. गावाची सुधारणा आहे."

सुधारणा आहे म्हटल्यावर गेलो. तिथे मालक होता, आणि त्याचे ठाण्याहून आलेले पाहुणे, मोजणीचे साहेब. पांढरा टोप, गुडघ्यापर्यंत मोजे, पुढ्यात तीन पायांवर ठेवलेली दुर्बीण. पाहुण्यांनी आमच्या गावाची योजना आखली होती. घरं कुठे, शेती कुठे, गुरं कुठे चरायची आणि वन कुठे राखायचं. कागदावर सगळं रंगवलेलं. आमचा माळ हिरवा होता. हिरवं म्हणजे राखीव. राखीव म्हणजे आमचा कोयता बंद.

आता त्या हिरव्याची आणि त्याला लागून आखलेल्या गुरचरणाची हद्द जमिनीवर दाखवायला खुंट्या हव्या होत्या. जंगल चहूकडे, लाकडाला काय तोटा? पण योजनेचं पहिलंच कलम होतं, की माळावरची एकही फांदी तोडायची नाही. पाहुणे कलमाचे पक्के. खुंट्यांसाठीही तोडू देईनात. आणि डोंगराच्या पाठीला आमचेच नवरे झाडं बुंध्यापासून पाडत होते. ते योजनेत नव्हतं. त्या बाजूला पाहुण्यांची दुर्बीण वळलीच नाही.

तेव्हा मालकाने तोड काढली. लाकडं नकोत ना, मग या आहेत की.

कारकुनाने चुन्याची बादली आणली. कुंचा बुडवला आणि माझ्या डोक्यावर मारला. लांबून दिसायला हवं म्हणून. चुना केसांतून कानात उतरला, कानामागे चरचरला. मी हाताने पुसायला गेले.

"हात खाली," मालक म्हणाला. "तू आता बाई नाहीस गो. खुंटी आहेस."

मी हात खाली घेतला. घेतला! हे लिहिताना हात थांबतो, पण घेतला. मला एका कोपऱ्यावर उभं केलं. माझी जाऊ भागी, तिला पुढच्या कोपऱ्यावर. माझी सासू खाली ओढ्याकडे. अशा आम्ही सगळ्या, माळाच्या कडेने, डोक्यांवर चुना घेऊन. चैत्राचं ऊन. पाहुणे डोळा लावून बघत, आकडे सांगत. कारकून लिहून घेत. मालक करवंदीच्या सावलीला बसून पान खात.

मला खोड आहे, ऊन लागलं की मला सोंगं सुचतात. मी भागीकडे बघून लाकडासारखे डोळे केले. ती हसली. मग तिचं पोर रडायला लागलं.

पोर झोळीत होतं, झाडाला बांधलेलं, दोघींच्या मधे. तान्हं. आधी कुरकुरलं, मग असं रडलं की माळभर ऐकू जाईल.

"मालक," भागीने हाक मारली, "पोर रडतंय. पाजून येतंय."

"खुंटीला पोर नसतं," मालक म्हणाला. "उभी राहा."

आणि पाहुणे हसले. वाईट मनाने नाही. कोणी काही चतुर बोललं की भला माणूस जसा हसतो, तसे. मालकाचं बोलणं मी केव्हाच पचवलं. ते हसणं अजून पचत नाही.

मी शूर नव्हते. मनात काही मोठं आलं होतं असंही नाही. पोर रडत होतं आणि भागीच्या चोळीवर ओल पसरत होती, एवढंच दिसलं. पाय आधी निघाला, मी त्याच्या मागून. झोळीतून पोर उचललं, भागीच्या हातात दिलं आणि तिला म्हटलं, "बस गो." ती खाली बसली. मीही तिच्या शेजारी बसले.

पाहुण्यांचा डोळा दुर्बिणीलाच. "मालक," ते म्हणाले, "कोपरा दिसत नाही!"

कोपरा पोराला पाजत होता.

मग पुढची हलली. तिच्या पुढची हलली. राखलेलं वन ओढ्याकडे चालू लागलं, त्याच्या मागून गुरचरण. पाहुणे दुर्बीण इकडून तिकडे फिरवत होते आणि त्यांचं गाव त्यांच्या देखत उताराला लागलं होतं. मालक ओरडत होता. आम्ही ओढ्यात बसून एकमेकींच्या डोक्यावरचा चुना धुतला.

मालक काठावर आला. सावकाश बोलला. "उद्यापासून त्या माळावर कोणाचा कोयता दिसला, तर हात राहणार नाही."

बाजाराच्या दिवशी बाप्ये परत आले. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कशाला हललीस गो? उभं राह्यला काय झालता?"

"उद्या तू उभा राह," मी म्हटलं. "चुना मी लावतंय."

कोयता मात्र त्याने दारामागे लपवून ठेवला. भीती त्यालाही होती, मलाही होती.

राबाची वेळ टळत चालली होती. बायका आमच्या अंगणात जमल्या. यंदा कुठल्या अंगाची झाडं तोडायची, कुठल्या अंगाला विसावा द्यायचा, हे दरसाल असंच बसून ठरायचं. त्याला कोणी योजना म्हणत नव्हतं. पुष्कळदा त्याला भांडण म्हणायचे. त्याही दिवशी भांडलो. एकीला गुडघ्यामुळे जवळचा उतार हवा होता. दुसरी म्हणाली, "तो गेल्या सालीच तोडला, फूट अजून बोटभर नाय. तुज्या गुडघ्यासाठी माळ मारू काय?" शिव्या झाल्या. शेवटी वरचं अंग ठरलं, आणि गुडघेवालीचे भारे मी वाहायचे ठरले. झऱ्यावरच्या झाडांना हात लावायचा नाही, हे ठरवावंच लागलं नाही. मालकाचं नाव मात्र कोणी काढलं नाही. पण सकाळी सगळ्या कोयते घेऊन बाहेर पडल्या.

मी ऐनाच्या झाडावर होते. बाजूच्या फांद्या उतरवायच्या आणि वरचा शेंडा ठेवायचा, अशी आमची रीत. शेंडा ठेवला की झाड पुन्हा फुटतं. शेंडा तोडणाऱ्या बाईला वाडीत कोणी विस्तव देत नाही.

मालक आला. बरोबर दोन गडी, काठ्या घेऊन. मागून पाहुणे. मला वाटलं, आता हात जातो. पण मालक पाहुण्यांच्या देखत हसून बोलला.

"बरं, तोडा. मी काय तुमचा वैरी आहे? पण दरसाल बंगल्यावर यायचं. हात जोडून विचारायचं. विचारलंत तर मी नाही म्हणणार नाही."

कोयते थांबले. खरं सांगते, माझाही थांबला. किती सोपं होतं. एकदा वाकायचं, वर्षभर राब. भागीच्या पाठीला पोर होतं. ती माझ्याकडे वर बघत होती.

पुढचं आधी सांगून टाकते. त्यानंतर आमचे कोयते जप्त झाले. नवऱ्याला भट्टीवरून काढलं. मुरबाडच्या कचेरीत आम्ही इतके खेटे घातले की तिथला शिपाई आम्हाला नावाने ओळखू लागला. माळ पुरता आमचा झाला नाही. पुरता गेलाही नाही. इंग्रज गेले, मालक मेला, आणि अजूनही अधूनमधून कोणी ना कोणी नवा कागद घेऊन येतो. त्यावर माळ रंगवलेला असतो आणि आम्ही नसतो. मी दमले आहे. आता झाडावर चढवत नाही. पण विचारायला गेले नाही. जाणार नाही. सून जाणार नाही, तिची पोरंही नाहीत. आमचं गाव कसं राहावं हे ठरवायला आम्ही बसू, आणि ज्याला यायचं असेल त्याने आमच्या अंगणात येऊन आमच्याबरोबर भांडावं.

हे सगळं आज सुचतं. त्या दिवशी झाडावरून मी फक्त "नाय" म्हटलं. गडी काठ्या सरसावून बुंध्याशी आले.

तेव्हा माझी सासू, जिने उभ्या जन्मात मालकापुढे मान वर केली नव्हती, डोक्यावरचा भारा धाडकन खाली टाकून ओरडली, "शेंडा ठेवताना तुला कदी इचारला नाय, मंग फांदी तोडताना कशाला इचारू रे?"