काखेतलं कुंपण

भुतं मी आयुष्यभर विकली आहेत, विकत मात्र एकही घेतलेलं नाही... हे आधीच सांगून ठेवते.

धंदाच तसा आहे. मी शकीला, राजुऱ्याची चुडीवाली. बांगड्यांची पेटी खांद्याला अडकवून चंद्रपूर-गडचिरोलीचे आठवडी बाजार करते. बाईचा हात कडक असला आणि बांगडी अंगठ्यापाशी अडली, की मी एक भूत बाहेर काढते. पुलावरची पांढऱ्या लुगड्यातली बाई, एस.टी.त तिकीट काढून बसलेला मुडदा... बाई डोळे मोठे करून ऐकते, हात ढिला सोडते आणि बांगडी सर्रकन आत! बाकीचे साबण लावतात, मी गप्पा लावते.

त्यामुळे मला ओळखणारे म्हणतील, ‘शकीला फेकून राह्यली.’ फेकतेच मी! वाघिणीला बांगड्या भरल्याचं एकदा सांगितलं होतं, तर सिंदेवाहीच्या एका बाईने ‘कोनत्या मापाच्या?’ असं विचारलंही होतं. पण ही गोष्ट छातीवर हात ठेवून सांगते. एकच उरली आहे, पण ती खोटं बोलत नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. पेटीचा पट्टा डाव्या छातीवर रुतायचा. एक दिवस पट्ट्याखाली काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं, ना दुखे ना खुपे. मी म्हटलं, पट्ट्याचा घट्टा पडला असेल. सुपारीचं लिंबू होईपर्यंत मी तेच म्हणत राहिले. शेवटी आमच्या ह्यांनी, म्हणजे रहीमभाईंनी, मला नागपूरला ओढत नेलं. सुई घालून तुकडा काढला, तपासला... कॅन्सर. सर्जनसाहेब सरळ बोलणारे होते. म्हणाले, “छाती काढावी लागेल आणि काखेतल्या गाठीही. खरा निकाल काखेत असतो. रोग तिथवर पोचला की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.”

मी म्हटलं, “साहेब, काखेत निकाल असतो हे माहीत असतं तर दहावीला तिथंच पाहिला असता.”

हसले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

ऑपरेशनच्या आधी एक बाजार मध्ये येत होता, आष्टीचा. रहीमभाई म्हणाले, “जाऊ नको.” मी म्हटलं, “कॅन्सर मला झालाय, बांगड्यांना नाही,” आणि लाल डब्यात बसले.

आष्टीच्या बाजारात माझ्या शेजारी चिंचेखाली सोमारीबाई बसायची. गोंदणारी. काजळीची वाटी, तेल आणि सुयांची जुडी एवढंच तिचं दुकान. आमची वर्षानुवर्षांची लढाई. गिऱ्हाईक एकच, हातही तोच. मी मनगटाला भरायची, ती त्याच्या वर गोंदायची. ती म्हणायची, “तुह्या बांगड्या तं मेल्यावर फोडून टाकतेत. माहं गोंदन बाईसंगं वर जाते.” मी म्हणायची, “वर कोण पाहते? माझ्या बांगड्या इथं वाजतात!” दर बाजाराला ती मला म्हणे, “चुडीवाली, एक विंचू काढून देतो, ये.” मी म्हणे, “आमच्यात चालत नाही, अल्ला विचारेल.” “मंग त्याले सांग न, सोमारीनं जबरीनं काढला म्हनून!”

त्या दिवशी पेटी उतरवताना माझा हात वर जाईना. ते सोमारीच्या नजरेतून सुटलं नाही.

“काऊन वो, हात काऊन असा धरून राह्यली?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला असं पूर्ण सांगितलं. सांगताना डोळ्यांत कचरा गेला, बाजारात धूळ फार असते.

सोमारी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत ऐकत होती. मग म्हणाली, “काखेत जाते म्हंतेत का? मंग काखेतच अडवू न त्याले. रानडुक्कर शिरू नये म्हनून धानाच्या बांधीले काट्यायचं कुंपन घालतेत का नाई? तसंच.” आणि उत्तराची वाट न पाहता तिने माझ्या पदराखालून काखेत हात घातला.

“बाई, सुई ठेव खाली!” मी ओरडले.

“सुई कुठी हाय? आतून गोंदाले सुई कायले पायजे?”

खरंच रिकामा हात होता. सुयांची जुडी वाटीशेजारी पडलेली मला दिसत होती. ब्लाउजवरूनच तिने अंगठा दाबला, जरा सरकवला, पुन्हा दाबला. आणि आई शपथ, लाल मुंग्या चावाव्या तसं झालं. एका ओळीत. मी उडालेच. चिंचेमागे जाऊन ब्लाउज काढून पाहिलं तर रक्त नाही, ओरखडा नाही, काळा ठिपकासुद्धा नाही. सोमारी तोवर दुसऱ्या बाईच्या दंडावर मोर काढत होती.

मी विसरले. कापून घ्यायला निघालेल्या बाईला मुंग्यांचं काय!

ऑपरेशन झालं. मी गुंगीत असताना सर्जनसाहेब बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, “काखेतल्या गाठी काळ्या ठिक्कर पडल्यात. मला लक्षण चांगलं दिसत नाही. तपासायला पाठवल्यात, पण मनाची तयारी ठेवा.” आमच्या घराने मनाची तयारी एवढी ठेवली, की मी डोळे उघडले तेव्हा नणंद उशाशी बसून यासीन पढत होती. आमच्यात मरणाऱ्याच्या उशाशी पढतात ते.

मी म्हटलं, “आपा, अब्बी मरी नई मैं. आवाज कम करो.”

ती किंचाळली. बाजूच्या खाटेवरची बाई खाली पडता पडता वाचली. (थोडं वाढवून सांगतेय. पण किंचाळली नक्की.)

पुढचे दिवस मात्र वाईट गेले. गाठींचा निकाल यायचा होता. सगळे माझ्याशी असे गोड बोलत होते, की राग यायचा. माझी पेटी कुणाला द्यायची याची चर्चा नणंद आणि जाऊ माझ्या पायाशी करत होत्या, हळू आवाजात. हळू म्हणजे काय, बाहेर चहावाल्याला ऐकू जाईल एवढ्या. मी उठून बसले, छातीला पट्ट्या, बाजूला रक्ताची नळी लोंबतेय, आणि म्हटलं, “पेटीला हात लावला तर नळीसकट बाजारात येऊन बसेन!”

तेवढं बोलून उशीत तोंड घातलं. बाकीचं नाही सांगत.

निकाल द्यायला प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. बारीकशा, चष्मेवाल्या. आल्या आल्या विचारलं, “मावशी, तुमचं गोंदण कुठं आहे?”

“कोणतं गोंदण?”

“लपवू नका. गाठी काळ्या आहेत ते रोगाने नाही, शाईने. गोंदणाची काजळी आत झिरपते आणि काखेतल्या गाठींत जाऊन बसते. जंगलातल्या बायकांच्या गाठींत आम्ही पुष्कळदा पाहतो. तुमच्या दंडावर, पाठीवर कुठंतरी असणारच.”

मी म्हटलं, “आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही.”

मग पडदा लावून दोन सिस्टरांनी मला कोंबडीसारखं उलटंसुलटं करून पाहिलं. दंडावर लहानपणीच्या देवीच्या लशीचा खड्डा निघाला, पाठीवर एक तीळ निघाला, जो मलाही माहीत नव्हता. गोंदण नाही. मॅडम म्हणाल्या, “मेंदी?” पण मेंदी कातड्याखाली उतरत नाही हे त्याच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “राजुऱ्याच्या ना? कोळशाच्या खाणी आहेत तुमच्याकडे. धूळ असेल.” मी म्हटलं, “मग असं सगळ्यांना होत असेल.” कोळशाची धूळ फुप्फुसाजवळच्या गाठींत सापडते, काखेत अशी दाट नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी बाटल्या बदलल्या का याचा तपास केला. पण माझी छाती आणि काख एकाच तुकड्यात निघाली होती, एकाच बाटलीत गेली होती. अर्धी शकीला बदलणार कशी?

मी हट्ट धरला, “मला दाखवा.” नळी हातात धरून गेले त्यांच्या खोलीत. दुर्बिणीला डोळा लावला. गुलाबी मैदान, आणि त्याच्या एका कडेला जांभळ्या ठिपक्यांची गर्दी.

“हा तुमचा रोग,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्यात खालच्या गाठीत शिरलाय. आता बघा.” त्यांनी काच सरकवली. काळी ओळ आली. काजळीचे कण, दाट, आडवे. “इथून पुढं एकही जांभळा ठिपका नाही. वरच्या सगळ्या गाठी साफ. मी दोनदा पाहिलं. अहो, एखाद्या शेताला कुंपण घालावं ना, तसं दिसतंय.”

कुंपण.

मी दुर्बिणीतून डोळा काढला. ती जागा तेव्हा कापलेली होती, बधिर होती, तिथं काहीच कळत नव्हतं. तरी मुंग्या चावल्या... त्याच ओळीत.

मॅडमला मी आष्टीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मावशी, काजळी रोग अडवत नाही. रोग वेळेत सापडला म्हणून तो खालच्याच गाठीत होता.” मग त्यांनी दुसरी चांगली बातमी दिली, माझा कॅन्सर हार्मोनच्या गोळीला दाद देणारा, रिसेप्टर पॉझिटिव्ह. जगात कुठंही पॉझिटिव्ह आलं की घर रडतं, माझ्याकडे पेढे वाटले. सलाइनमधून औषधं घेतली, केस गेले, गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या. मी औषध एक चुकवलं नाही. कुंपण असलं तरी शेत राखावंच लागतं.

केस बोटभर आले तशी पेटी उजव्या खांद्याला लावून आष्टीला गेले. सोमारी चिंचेखालीच होती.

“आली का? मले वाटलं गेली.”

“सोमारीबाई, खरं सांग. काय केलंस तू मला?”

“काय केलो?”

मी सगळं सांगितलं. काळ्या गाठी, दुर्बीण, ओळ. मला वाटलं आता ही फुशारेल, बाजारभर मिरवेल. पण तिचं चघळणं थांबलं.

“म्या तं मस्करी केलो होतो वो,” ती हळूच म्हणाली. “तू रडून राह्यली होतीस. म्हनून हसवाले.”

“मी रडत नव्हते!”

“बरं, नव्हतीस. पन सुई नाई, काजळी नाई... कायचं गोंदन?” तिने स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून पाहिला आणि लुगड्याला पुसून टाकला, खराब झाल्यासारखा.

आता मी पडले बोलघेवडी. चार बाजारांत गोष्ट पसरली आणि गाठी असलेल्या बायका सोमारीकडे काख घेऊन यायला लागल्या. सोमारी घाबरली. मला म्हणाली, “तूच बिघडवलं, तूच निस्तर.” मग मी तिच्या शेजारी पेटी मांडून बसले आणि येईल तिला सांगू लागले, “अंगठा नंतर! आधी लाल डबा, आधी नागपूर. माझी छाती डॉक्टरने काढली, सोमारीने नाही.” एकीने तर हुज्जत घातली. तिला मी पदर बाजूला करून व्रण दाखवला. गेली गुमान.

डाव्या हाताला मला आता सुई मना, घट्ट बांगडी मना. हात सुजतो. चुडीवालीचा एक हात कायमचा रिकामा. लोक विचारतात, मी सांगते, “त्या हाताची आतून भरलीये.”

परवाच्या बाजारात सोमारी म्हणाली, “चाल, एकदा अजून पाहू.” तिने माझा उजवा हात ओढला आणि तळव्यावर रिकामा अंगठा दाबला. जोरात. दोघी म्हाताऱ्या श्वास रोखून बसलो, समोर गिऱ्हाईक उभं. काही झालं नाही. मुंगी नाही, काही नाही. मग सोमारी फस्सकन हसली आणि मीही.

मॅडम म्हणतात रोग वेळेत सापडला. सर्जनसाहेब म्हणतात नशीब. नणंद म्हणते यासीन. सोमारी म्हणते, मले काय माहीत. मलाही माहीत नाही. इतक्या वर्षांनीही नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. ज्याला ही गोष्ट खोटी वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावी. फक्त आपल्या बायकोला, बहिणीला माझ्या पेटीसमोर पाठवावं. हात हातात घेते, पुन्हा पहिल्यापासून सांगते, आणि गाठ आहे का ते विचारल्याशिवाय तो हात सोडत नाही.